वाटीच्या आवाजाला येणारी काळी

माळव्यात, धारला आमच्या घरी सात कोंबड्या होत्या आणि त्या सगळ्या माझ्या वाटीच्या आवाजावर चालत. कडेला चेमटलेली पितळेची वाटी, तिच्यात मूठभर ज्वारीच्या कण्या आणि वर पळीच्या दांड्याची टकटक. दिवेलागणीला मी परसात उभी राहून वाटी वाजवली की कुणी उकिरड्यावरून, कुणी शेजारच्या गोठ्यातून धावत यायच्या. मग एकेकीला मोजून खुराड्यात घालायचं, फळी लावायची आणि फळीला दगड टेकवायचा. मी दगड विसरले तर मुंगूस काही विसरत नसे. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मी नऊ वर्षांची असेन.

वडील दरबारच्या पागेत कामाला होते. आमची सगळी ओळ अशीच, राजघराण्यामागून दक्षिणेतून आलेल्या कष्टकरी मराठी माणसांची. पलीकडच्या ओळीत कारकुनांची घरं. त्यांना आमच्या कोंबड्यांचा वास सोसत नसे आणि तसं ते ऐकवतही. पण घरातलं एखादं पोर अशक्त झालं की तिथलीच एखादी बाई मागच्या दारानं, पदराखाली भांडं लपवून, औषधाला म्हणून अंडं मागायला येई. आई मुकाट्यानं देई. मी दिलं नसतं. माझा स्वभाव तेव्हापासून असाच आहे.

सातांतल्या तीन काळ्या होत्या. गंधवानीकडचे भिल्ल पाळतात त्या जातीच्या. पिसं काळी, चोच काळी, तुरासुद्धा काळा. त्यांतली एक माझ्या पाच वर्षांच्या बहिणीची. पिल्लू असताना घारीच्या तावडीतून सुटली, पण एका पायाचं बोट वाकडं झालं, ते तसंच राहिलं. लंगडत चालायची. बहिणीनं तिच्या पायात लाल दोरा बांधला होता, म्हणजे कुणी तिला दुसरी समजू नये. जेवताना आपल्या भाकरीचा तुकडा ती तिला घाली आणि आईचा धपाटा खाई. धपाटा खाऊन पुन्हा घाली.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता बहिणीला ताप आला. वैद्याचा काढा झाला, दवाखान्यातलं कडू औषध झालं. दहा दिवस झाले तरी ताप उतरेना. तिच्या मनगटावरची काचेची बांगडी कोपरापर्यंत वर जायला लागली तेव्हा आई घाबरली.

शेजारी एक माळवी म्हातारी राहायची, तिनं उतारा सांगितला. काळी कोंबडी आजाऱ्यावरून सात वेळा ओवाळायची आणि शिवेपार सोडून मागं न बघता यायचं. दुखणं कोंबडीबरोबर निघून जातं. तिला मारायचं नाही, खायचं नाही. म्हातारीनं बोट उगारून एवढंच बजावलं, "पण बाई, या पाछी नी आणी चइये." म्हणजे ही माघारी येता कामा नये; परत आली तर दुखणं घेऊनच येणार.

इथं आमचं चुकलं. लोक उताऱ्याला बाजारची कोंबडी आणतात. तिला घर ठाऊक नसतं, सोडली की वाट फुटेल तिकडे जाते. पण ज्यांच्या परसात तीन काळ्या फिरतात ते बाजारात कशाला जातील? त्यातून आईला वाटलं, पोरीनं जीव लावलेलीच द्यावी, तीच लागू पडेल. बहीण ग्लानीत होती. तिच्यावरून तिचीच काळी सात वेळा ओवाळली. दुपारी वडिलांनी ती नाल्यापलीकडे सोडली आणि मागं न बघता ते घरी आले.

आणि ताप उतरला. संध्याकाळी बहिणीनं पाणी मागितलं. आईनं दोन दिवसांनी तोंड धुतलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही.

दिवेलागणीला मी रोजच्यासारखी वाटी घेऊन परसात गेले. सहा जणी आल्या. त्यांना आत घातलं आणि फळी लावणार तोच कुंपणाखालून सातवी आली. लंगडत, पायात लाल दोरा.

मी ओरडायला हवं होतं. म्हातारीचं बोट मी पाहिलं होतं, सगळं मला कळत होतं. तरी मी काळीला उचललं, लाकडांच्या ढिगामागं डालग्याखाली झाकलं, दातांनी दोरा तोडला आणि घरात जाऊन चुलीत टाकला. बहीण उद्या काळी कुठं म्हणून विचारेल, म्हणून असं केलं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ती मला हवी होती. आता तर ती माझीच झाली असती.

तिसऱ्या दिवशी ताप पुन्हा चढला. पाचव्या दिवशी सकाळी बहीण गेली.

तेराव्यानंतर मी काळीला बाकीच्यांत सोडलं. आईनं एकवार कोंबड्यांकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. मला वाटलं, दुःखात असलेल्या बाईला एक काळी काय आणि दुसरी काय, दोरा नाही म्हटल्यावर ओळखणार कशी? त्यानंतर आई माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. वेणी घाली, पण पूर्वीसारखी मांडीवर डोकं टेकू देत नसे. तेही मी दुःखावरच ढकललं. मी लग्न होऊन देवासला गेले तेव्हा ती रडली, पण मला जवळ घेतलं नाही.

देवासात एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एक राजा, त्या अंगाला दुसरा. माझ्या कोंबड्या सकाळी एका राजाच्या हद्दीत दाणे टिपायच्या आणि झोपायला दुसऱ्याच्या हद्दीत यायच्या. त्यांना बोलवायला वाटी तीच, माहेरून आणलेली. वडील वारल्यावर आईला मी माझ्याकडे आणलं. तेव्हा मला दोन मुलं होती.

एका दुपारी ती दारात तांदूळ निवडत होती, मी खुराडं झाडत होते. सुपातून नजर वर न करता ती म्हणाली, "काळीला तू परत बोलावलंस."

कोणती काळी, असं मी विचारलं नाही.

"दोरा काढलास. पण चाल कुठं बदलते?"

"मी नाही बोलावलं. ती आपणहून आली."

"वाटी ऐकली ना मी. पोरीच्या उशाशी बसून ऐकली."

"वाटी रोजचीच होती, आई. बाकीच्या सहा होत्या की."

"रोज एवढा वेळ वाजत नव्हती," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

मला भयंकर राग आला. इतकी वर्षं हिला सगळं ठाऊक होतं आणि हिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं. मी जास्त वेळ वाजवली होती का? मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही, देवाशपथ. रागाच्या भरात मी माझी सर्वांत माणसाळलेली कोंबडी पाटीत घातली, गावाबाहेरच्या नाल्यापलीकडे नेऊन सोडली आणि परत येऊन आईला सांगितलं, "आज वाटी वाजवणार नाही. बघ, येते की नाही." दोन मुलांची आई मी, पण बोलले नऊ वर्षांच्या पोरीसारखी.

आम्ही दोघी दारात बसलो. बाकीच्या कोंबड्या अंधारून येताच आपापल्या आल्या, आत शिरल्या. ती आली नाही. समोरचं कुंपण दिसेनासं होऊ लागलं. कुठंतरी कुत्रं भुंकलं.

"वाटी वाजव," आई म्हणाली. "जिवानिशी जाईल ती."

मी वाटी मांडीवर तशीच धरून बसले. आईनं माझ्या मांडीवरची वाटी घेतली आणि पळीच्या दांड्यानं वाजवू लागली. माझ्यासारखीच, दोन ठोके आणि थोडं थांबून तिसरा. ही लकब तिनं त्या आजाऱ्याच्या खोलीत ऐकून पाठ केली असणार. बराच वेळ ती वाजवत राहिली. मग कुंपणाखालून कोंबडी आली आणि सरळ वाटीकडे धावली.

आईनं कण्या खाली ओतल्या आणि वाटी माझ्या हातात दिली.

"आत घाल तिला," ती म्हणाली. "मी तुला तेव्हा काही बोलले का? आताही बोलत नाही."

मी फळी लावली, दगड टेकवला. आई पुढं चार वर्षं माझ्याकडेच होती. ती खरंच कधी काही बोलली नाही.