वाघूळसरांचा कान

समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देणं म्हणजे वाघूळसरांच्या मते वेळेची नासाडी. तुम्ही "सर, मला वाटतं" एवढं म्हणेपर्यंत ते उत्तर देऊन मोकळे झालेले असत, आणि ते उत्तर तुमच्याच प्रश्नाचं असेल अशी खात्री नसे. कराडच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. वटवाघळाचा कान आणि त्यामागचा मेंदू हा त्यांचा आयुष्यभराचा विषय, म्हणून अख्खं कॉलेज त्यांना वाघूळसर म्हणे. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. आपल्याला टोपणनाव पडलं म्हणजे आपण थोर, असा त्यांचा समज होता. टोपणनाव कँटीनवाल्यालाही होतं, पण ते सरांना कोणी सांगितलं नाही.

वर्गात त्यांचा एक प्रयोग ठरलेला असे. दोन्ही कानांवर तळहात दाबून ते छताकडे बघत जोरात ओरडायचे, आणि लगेच हात काढून मान तिरकी करून गप्प उभे राहायचे. "बघा! वाघळाची आरोळी एवढी मोठी की तिनं त्याचेच कान बसतील. म्हणून ओरडताना कानातला एवढासा स्नायू आवळला जातो. ओरडून झालं की सैल! प्रतिध्वनी येईपर्यंत कान मोकळा. हे एका सेकंदात कितीतरी वेळा!" शिकवायचे झकास, ते नाकारून मला पाप लावून घ्यायचं नाही. पण स्वतःच्या वागण्यात सरांनी यातला पहिला अर्धाच भाग उचलला होता. ओरडताना कान बंद व्हायचे, ते पुन्हा उघडायचं राहून जायचं.

आम्हा विद्यार्थ्यांना ते सरसकट बहिरोबा म्हणत. मी संशोधनाला त्यांच्या हाताखाली गेले तेव्हा माझी बढती बहिरीबाई अशी झाली. वाघळांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. तो टिकटिक करून ऐकवणारी एक डबी असते. ती कानाशी धरली की सर डोळे मिटून सांगत, "ही चुन्याच्या भिंतीतली पाकोळी, आपलं लहान वाघूळ. आणि ही वळताना किडा पकडला बघ." आणि ते खरं निघे. याच गुणानं त्यांचा घात केला. आवाजाचा आलेख काढणारा संगणक विभागात आला, तर त्यांनी त्यावर टेबलक्लॉथ घातला. "चित्र बघून कोणाला गाणं कळलंय? कान हाच पुरावा," हे त्यांचं ब्रीद. आम्हीही माना डोलावल्या, कारण सही त्यांची लागायची.

इस्लामपूरजवळ उसाच्या मळ्यात एका निवृत्त सुभेदारांची जुनी दगडी विहीर होती. पाणी आटलेलं, आत कोनाडे आणि कोनाड्यांत वाघळं. माझ्या प्रबंधाचा सगळा जीव त्या विहिरीत होता. सरांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते काठावर खुर्चीत बसत आणि मी पायऱ्या उतरून ध्वनिमुद्रण करी. सर जैन, सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नसत. दिवस कलायच्या आधी ते डबा उघडत आणि अर्धी भाकरी, अर्धी भाजी न विचारता झाकणात काढून माझ्यापुढे सरकवत. "खा. आपलं आटपलं की त्यांचं सुरू." वर्षभरात त्यांनी हा वाटा एकदाही चुकवला नाही. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला बसलं तर एवढंच सापडतं, म्हणून लिहून ठेवते.

सगळ्यात खालच्या कोनाड्यात मला एकदा मोठ्या कानांची दोन वाघळं दिसली. ही जात आरडाओरडा करत नाही. अंधारात पुटपुटते आणि बाकी वेळ ऐकते. वाळल्या पानावरून चाललेल्या रातकिड्याच्या पायांचा आवाज तिला पुरतो. आमच्या भागात ती कोणी नोंदवलेली नव्हती. मी हेडफोन लावून ऐकलं तर नेहमीच्या टिकटिकीखाली अगदी बारीक दुसरी टिकटिक होती. मी लगेच ते सगळं ध्वनिमुद्रित केलं.

हे वेळेवरच झालं, कारण सुभेदारांना विहीर बुजवायची होती. त्यांचं वासरू तिच्यात पडून मेलं होतं. तरी ते भले माणूस. ते सरांना म्हणाले, "आवं सर, आत काय इशेष असंल तर हीर ऱ्हाऊ द्या. न्हाईतर मुजवून सरी पाडतो. तुमी म्हंशीला तसं."

सरांनी माझं ध्वनिमुद्रण कॉलेजात ऐकलं. डोळे मिटून, डोकं खाली घालून, दोनदा. मग हेडफोन काढून म्हणाले, "नेहमीच्याच आहेत. बाकी रिकामं आहे."

"सर, खाली बारीक आवाज आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय, दोन..."

"डोळ्यांनी? वाघळांत वर्ष काढून डोळ्यांनी?" ते हसले. "बहिरीबाई, हवं ते ऐकू येण्याला भास म्हणतात."

निदान संगणकावर बघू या, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्यादेखत प्रबंधातलं त्या दोन वाघळांचं प्रकरण काढून टाकलं आणि सुभेदारांना फोन लावला. आठवड्यात विहिरीत दगड पडले. मी संशोधन सोडलं. रडले नाही, पण त्या माणसाचा मनापासून तिरस्कार केला, आणि तो पुढं कित्येक वर्षं मला चांगला पुरला.

आता मी सांगलीत माणसांचे कान तपासते. गेल्या वर्षी एका सकाळी सरांच्या पत्नी त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. "टीव्ही एवढ्या मोठ्यानं लावतात की शेजारच्यांनी आपला घेतलाच नाही," त्या म्हणाल्या. सर म्हणाले, "माझ्या कानाला काही झालेलं नाही. हल्ली लोकच पुटपुटतात."

मी त्यांना काचेच्या बंद खोलीत बसवलं. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, इतकीच परीक्षा. सर प्रत्येक वेळी बटण दाबू लागले, तेही अचूक. बघते तर काचेतून त्यांना माझा हात दिसत होता. मी कळ दाबली की ते बटण दाबत. एका विद्यार्थ्याकडे चिठ्ठी सापडली म्हणून त्याला वर्षभर घरी बसवणारा हा माणूस! मी दार उघडून म्हटलं, "सर, कॉपी करायची नाही," आणि त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली.

मग खरा आलेख निघाला. खालचे स्वर ठीक, आणि बारीक स्वरांशी रेघ कड्यावरून पडावी तशी खाली. त्यांनीच शिकवलेलं मी त्यांना सांगितलं: कानातल्या शंखाच्या दारापाशी बारीक आवाजाच्या पेशी असतात, त्या आधी झिजतात, आणि गेल्या की परत उगवत नाहीत. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. एवढी रेघ पडायला बरीच वर्षं लागतात, मी म्हणाले. प्रश्नाचं पूर्ण उत्तर ऐकून घेतल्याची ही पहिलीच वेळ.

कानात यंत्र बसवलं आणि मी विहिरीतलं ते ध्वनिमुद्रण लावलं. दयेनं नव्हे, सूड म्हणून. ते मी इतकी वर्षं जपलं होतं ते काय आठवणीसाठी? सरांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं, त्या बारीक टिकटिकीच्या तालावर. "पुन्हा लाव," ते म्हणाले. तीनदा ऐकलं. आता तरी काही म्हणतील म्हणून मी थांबले. ते उठले, "यंत्र बरं आहे," म्हणाले आणि गेले. घरी जाऊन मी भांडी आपटली.

पंधरा दिवसांनी, दिवस मावळल्यावर, सुभेदारांचा फोन आला.

"ताई, तुमचं सर आमच्या उसात हुबं हायती. हिरीच्या जागंवर. कानात यंत्र, हातात ती डबी. मला म्हंत्यात, हीर रिकामी नव्हती, माझ्याच कानात खोट हुती, पोरगी बरोबर हुती. तुमाला बोललं का त्ये?"

"नाही," मी म्हणाले.

"डबा खाल्ला. पर निम्मा झाकणात काढून ठिवलाय. मी म्हनलं मला का, तर न्हाई म्हंत्यात."

सवय, दुसरं काय, असं मी मनाशी म्हटलं. माझा राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. विहीर गेली ती गेलीच. तरी मी विचारलं, "काही ऐकू येतंय का त्यांना?"

फोन खाली गेला. बराच वेळ उसाच्या पानांची सळसळ ऐकू येत होती. मग सुभेदार परत आले.

"म्हंत्यात, नेहमीच्या दोन-चार फिरत्यात. त्या बारीक आवाजाच्या न्हाईत. तिला सांगा म्हंत्यात, आता रिकामं हाय."

हा निकाल मला संगणकावर तपासून बघावा लागला नाही.