घाटापुरता कोळसा

पारूबाई ढेबे वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या कुशीतल्या एका धनगरवाड्यात राहायच्या. घरात नवरा म्हादू, सासू, सतरा शेळ्या आणि मागच्या माळावर वरून माती लिंपलेली कोळशाची एक भट्टी. शेळ्या म्हादूच्या, भट्टी पारूबाईंची. आठवड्याला चार पोती कोळसा निघायचा. तो त्या डोक्यावरून बाजारात आणायच्या आणि दोन लोहार व एक सोनार यांना विकायच्या. धंदा एवढाच. मी तेव्हा वेल्ह्याच्या शाळेत मास्तर होतो. कुणाला अर्ज लिहून हवा असला की माझ्याकडं येत, तशा त्या आल्या.

साल बेचाळीस. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून पुणे-भोर रस्त्यावरच्या मोटार कंपनीनं आपल्या गाड्यांना मागच्या बाजूला लोखंडी बंब बसवले होते. बंबात कोळसा जळायचा आणि त्याच्या गॅसवर गाडी चालायची. सपाटीला चालायची. कात्रजच्या घाटात थांबायची. मग उतारू खाली उतरून ती ढकलत वर नेत. भाडं पुरं द्यावं लागे. गाड्या चांगल्या आहेत, कोळसा वाईट आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. नसरापूरच्या थांब्यावर तिनं कागद चिकटवला होता: उत्तम कोळसा आठवड्याला पन्नास पोती पाहिजे, लेखी अर्ज करावा.

"लिवा," पारूबाई म्हणाल्या.

"तुमचा माल चार पोती. त्यांना पन्नास हवीत."

"आजपातुर चारच्या वर कुनी मागितलीच न्हाईत."

मी अर्ज लिहिला. पुरवठा किती करू शकाल, या ठिकाणी त्यांना न विचारता 'पन्नास' घातले. मोठ्या व्यवहारात असंच लिहितात, असं मी ऐकून होतो.

अर्ज टपालात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी पारूबाई चालत नसरापूरला गेल्या. कचेरीत गेल्या नाहीत. गेनबा नावाचा ड्रायव्हर बंब साफ करत बसला होता, त्याच्याशेजारी जाऊन बसल्या.

"दादा, हिला काय खपत न्हाई?" त्यांनी गाडीकडं बोट करून विचारलं.

गेनबाला नोकरीत हा प्रश्न प्रथमच कुणी विचारला होता. त्यानं अर्धा दिवस सांगितलं. भुकटी असली की जाळी तुंबते. ओल असली की नुसती वाफ होते. कच्चं लाकूड राहिलं तर डांबर सुटतं आणि ते इंजिनात जातं. मोठे तुकडे मध्येच अडकतात. शेवटी त्यानं ढिगातून आवळ्याएवढा एक तुकडा निवडून त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "असं पायजे. सगळंच्या सगळं."

तो तुकडा पदरात बांधून त्या घरी आल्या. बांबूच्या दोन चाळण्या विणून घेतल्या, एक मोठ्या भोकाची, एक बारीक. मोठीतून जो पडेल आणि बारकीतून जो पडणार नाही तो कंपनीचा. उरलेला घरच्या चुलीला. पांगारा, सावर असली मऊ झाडं भट्टीत घालणं बंद केलं. फक्त ऐन, जांभूळ, अंजनी. माळ घरच्या मालकीचा होता, तोडीचा परवाना तेवढा मी काढून दिला.

मग पाण्याचा प्रश्न आला. आमच्या भागात कोळसा विकण्यापूर्वी त्यावर पाणी मारायची रीत होती. वजन वाढतं. सगळेच मारत, घेणाऱ्यालाही माहीत असे, आणि भाव त्या पाण्यासकट ठरलेला असे. पारूबाईंनी पाणी बंद केलं.

"खुळी झाली," म्हादू मला म्हणाला. "फुकटचं वजन ओढ्यातनं वाहून चाललंय."

एका भट्टीवर भागणार नव्हतं. वाड्यात आणखी दोन घरं कोळसा पाडत, दीर हैबती आणि सगुणाबाई नावाची शेजारीण. दोघांना पारूबाईंनी चाळण्या दिल्या आणि गेनबाचा तुकडा दाखवला. सगुणाबाईंनी लगेच ऐकलं. हैबतीनंही ऐकलं, आणि पहिल्याच पोत्याला पाणी मारून आणलं. पारूबाईंनी पोतं त्याच्यासमोर खडकावर ओतलं आणि दोन दिवस उन्हात पसरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा भरलं, एका हातानं उचलून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे तुमचं, भावजी. पानी वर गेलं."

हैबतीनं परत पाणी मारलं नाही.

पावसात भट्टी लागत नाही. तेव्हाचा माल आधीच कोरडा साठवायला शेळ्यांचा गोठा रिकामा केला. शेळ्या घरात आल्या. सासूबाई आठ दिवस पारूबाईंशी बोलल्या नाहीत, शेळ्यांशी बोलायच्या.

माघात कंपनीचं उत्तर आलं. आमचे तपासनीस आपला कारखाना पाहण्यास येतील.

मी ते वाचून दाखवलं. म्हादू म्हणाला, एक छप्पर घालू आणि त्याला चुना लावू. मी म्हणालो, निदान पाटी तरी रंगवू. पारूबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "छप्पर बघून ते इचारतील, ह्यात काय करता. मग काय सांगायचं?" पाटी राहून गेली.

तपासनीस कुंडलिकराव वेल्ह्यापासून दोन तास चढून आले. पायात बूट, हातात वही. एका मातीच्या उंचवट्यावर उभे राहून त्यांनी घाम पुसला आणि चौफेर पाहिलं.

"कारखाना कुठं आहे?"

"तुमी त्याच्यावरच हुबं हायसा," पारूबाई म्हणाल्या. "उतरा. बूट तापतील."

ते उतरले. बूट तापले होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"सध्या माल कुणाला देता?"

जाणत्यासारखं मी आदल्या दिवशी बजावलं होतं, की पुण्याचं एखादं नाव घ्या. पारूबाई म्हणाल्या, "दोन लोहार आन् एक सोनार."

"आठवड्याला पन्नास पोती निघतात?"

"न्हाई. अठरा."

"अर्जात पन्नास आहेत."

"ते मास्तरांनी लिवलंय."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोरण्याकडं पाहिलं.

कुंडलिकराव वही मिटू लागले. कंपनीला अठरा पोत्यांचा काय उपयोग, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. तेव्हा पारूबाईंनी विचारलं, "सायेब, गाडी सपाटीला आडती का?"

"नाही. घाटात."

"मग सपाटीला बाजारचाच जाळा. बंब रिकामा व्हत आला की घाटाच्या पायथ्याला ह्यो भरा. गेनबादादा म्हनला, घाटापुरतं अठरा लई झालं."

कुंडलिकरावांनी वही पुन्हा उघडली.

चाचणी रविवारी ठरली, म्हणून मलाही जाता आलं. पारूबाई मोटारीत पहिल्यांदाच बसत होत्या. पुढची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. शिंदेवाडीला गेनबानं आमच्या कोळशानं बंब भरला, हातपंखा फिरवून विस्तव फुलवला आणि गाडी घाटाला लागली. पहिल्या वळणावर त्यानं गिअर बदलायला गाडी जराशी मंद केली. नेहमीची जागा आली असं समजून उतारू सवयीनं खाली उतरले. गाडी थांबली नाही. बावीस माणसं ढकलायला हात पुढं करून रस्त्यावर उभी राहिली आणि गाडी त्यांच्यापुढून निघून गेली.

"थांबू का?" गेनबानं विचारलं.

"थांबू नका," कुंडलिकराव म्हणाले. "चाचणी आहे."

माथ्यावरच्या बोगद्याशी गाडी उभी राहिली. पारूबाईंनी दांडी सोडली. अर्ध्या तासानं खालून पहिला उतारू धापा टाकत वर आला आणि भाडं परत मागू लागला. तेव्हा पारूबाई हसल्या, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्यांना असं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

कंपनीनं आठवड्याला अठरा पोती ठरवली. बैलगाडीनं माल नसरापूरला जाई. अडीच वर्षांत एकही पोतं परत आलं नाही. मग लढाई संपली, पेट्रोल मिळू लागलं आणि एक कार्ड आलं, पुढील महिन्यापासून माल पाठवू नये. मी ते पारूबाईंना वाचून दाखवलं.

"कारन लिवलंय?"

"पेट्रोल आलं."

"बरं झालं त्यांचं," पारूबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्या पुण्याला गेल्या. एका मोठ्या खाणावळीच्या भटारखान्यात शिरल्या आणि आचाऱ्याला विचारलं, तुमच्या शेगडीला काय खपत नाही. त्यानं सांगितलं. मालक आला, त्यानं विचारलं, आधी कुणाला माल दिलाय?

"मोटार कंपनीला," पारूबाई म्हणाल्या. "अडीच वरीस."

त्यानं आठवड्याला दहा पोती ठरवली. पुढं आणखी दोन खाणावळी झाल्या असं मला हैबतीनं बाजारात सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली आंबवड्याला झाली, त्यामुळं त्यांचे अर्ज कोण लिहीत असे ते मला ठाऊक नाही.