बासीची अठरा मडकी

बायको गेली, पण तिलाही हे ठाऊक नव्हतं. मुलांना तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतोय? तेही मला धड सांगता येत नाही. तुम्ही ऐका, आणि माझ्याबद्दल मनात जे येईल ते येऊ द्या.

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. रेल्वेला लाकडी स्लीपर हवे होते, म्हणून नवेगावकडच्या जंगलात एका ठेकेदारानं तळ टाकला होता. मी तिथला मुकादम. गाव दवनीवाडा, शिक्षण सातवी, अंगात पांढरा सदरा, हातात टोकाला लोखंड बसवलेली काठी. उशीर झाला की पाठीवर, उलट बोललं की तोंडावर. हे लपवलेलं नाही बरं. सगळ्या तळासमोर मारत होतो, आणि ठेकेदारानं मला ठेवलंच होतं त्यासाठी. लपवलं ते वेगळंच.

तळावर अठरा चुली होत्या, बहुतेक गोंडांच्या. गावाकडं ही माणसं घरी कांडलेला तांबूस तांदूळ खायची. इथं गोंदियाच्या मिलमधून पोती यायची, पांढराशुभ्र तांदूळ, मोगऱ्यासारखा. बाया सांजचा उरलेला भात मडक्यात पाणी घालून ठेवायच्या. सकाळपर्यंत तो आंबायचा. तीच बासी. मडकं कधी खरवडून धूत नसत. तळाशी जुनं आंबट पाणी थोडं राहू द्यायचं, म्हणजे नवा भात लवकर आंबतो. ही बासी पिऊन गडी दिवसभर लाकूड चिरायचा आरा ओढायचे.

ती मडकी मी फोडली. आसपास पटकी आली आहे, शिळं अन्न बंद करा असा वरून हुकूम आला आहे, असं मी तेव्हा सांगितलं. पुढंही कोणी विचारलं तर बहुतेकदा हेच सांगत आलो. किती वर्षं? मोजलेली नाहीत.

हुकूम आला नव्हता. पटकीही नव्हती.

झालं ते असं. चैतू मडावी हा तळावरचा सगळ्यात तगडा गडी. त्याची बायको सुकवारो एका सकाळी त्याला बासी वाढत होती. मी तिथून जाताना नाक दाबलं, थुंकलो, आणि हे तर डुकरंही खाणार नाहीत असं मोठ्यानं म्हणालो. चैतू हसला.

"काऊन जी मुकादम, दवनीवाड्यात तुमची माय सकारी पुऱ्या तळे का?"

तो पूर्वी आमच्या शेतात धान कापायला आलेला होता. माझ्या आईच्या हातची बासी त्यानं खाल्ली होती, माझ्याच शेजारी बसून. सगळे हसले, बायासुद्धा हसल्या. आणि ठेकेदाराचा कारकून तिथंच उभा होता. त्याला मी सांगून ठेवलं होतं की आमच्या घरी पांढऱ्या तांदळाशिवाय शीत शिजत नाही.

एवढंच. एवढ्यासाठी.

पहिलं मडकं सुकवारोच्या हातातच फोडलं. खापर लागून तिचं मनगट फाटलं, बासीत रक्त सांडलं. मग एकेका चुलीपाशी गेलो. एक म्हातारी मडक्यावर पालथी पडली, तिला केसांना धरून ओढली आणि मडकं बुटानं चेचलं. अठराच्या अठरा फोडली. मला राग आला होता म्हणावं — तर तो दुसऱ्या-तिसऱ्या मडक्यालाच उतरला होता. पुढं मला मजा येत होती. पुन्हा कोणी मडकं लावलेलं दिसलं की लाथ घालायचो. मग बाया थकल्या, आणि नुसता पांढरा भात राहिला.

दोन-अडीच महिन्यांनी गड्यांचे पाय सुजू लागले. आधी मुंग्या यायच्या, मग पायाला चिखल लागला की काटा टोचला हेही कळेना. चढावर दम लागायचा. मला वाटलं, सोंगं आहेत. खरंच वाटलं का? की तसं वाटून घेणं सोयीचं होतं? आज मला सांगता येत नाही.

एका दुपारी चैतू आरा सोडून खाली बसला. मी उठ म्हटलं, उठला नाही. पोटऱ्यांवर काठी मारली, तो नुसता बघत राहिला. माझं डोकं फिरलं. एवढी मस्ती? ओरडत नाही? मग काठी उलटी धरून लोखंडानं मारलं. कातडी फुटली, रक्ताआधी पाणी आलं. तरी मारत होतो.

त्यानं खाली पायाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुमी मारून राह्यले ना, मुकादम? मले त समजूनच नाही राह्यलं."

त्यात टोमणा नव्हता. तो घाबरला होता, स्वतःच्या पायांना घाबरला होता. आणि हे दिसल्यावरही मी आणखी दोन मारले. तिसऱ्या दिवशी छाती भात्यासारखी उडत उडत तो गेला.

त्याच्यामागून आणखी चौघे आडवे पडले, तेव्हा नागपूरहून डॉक्टर आला. भला माणूस. त्यानं तांदूळ हातात घेऊन मला समजावलं की मिलमध्ये कोंड्याबरोबर दाण्याचं तांबूस साल जातं, आणि त्यातच ते सत्त्व असतं ज्यावर नसा आणि काळीज चालतं. पेटीतून त्यानं गोळ्या काढल्या. विलायतेत कारखान्यात मोठमोठ्या टाक्यांतून आंबवण वाढवतात म्हणाला, डोळ्यांना न दिसणारे जीव, ते हे सत्त्व स्वतःच्या अंगात बनवतात. मग त्यांना सुकवून, दाबून या गोळ्या करतात. आणि मग त्यानं विचारलं, ही माणसं बासी खातात ना? तिच्यातही असेच जीव असतात, थोडंफार सत्त्व तेही देतात. इथं बासी कशी दिसत नाही?

सुकवारो दहा हातांवर उभी होती. मनगटावरचा व्रण अजून लाल होता.

मी म्हणालो, "पांढऱ्या भाताची गोडी लागली डॉक्टरसाहेब, यांनी आपणच सोडली."

त्यानं तसं लिहून घेतलं. चैतूच्या पायांवरच्या जखमांचं कोणी त्याच्या कानावर घातलं होतं, तेही विचारलं. ओंडक्यावरून पडला, मी म्हणालो. तेही लिहिलं गेलं. माझ्यासमोर एकाही माणसानं तोंड उघडलं नाही. काठी माझ्या हातातच होती ना.

गोळ्या वाटायचं काम माझ्याकडं आलं. आठ-दहा दिवसांत सूज उतरू लागली. जिला केसांना धरून ओढली होती, ती म्हातारी माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

रांगेत सुकवारो आली. मी तिच्या तळहातावर गोळी ठेवली. ती गोळीकडं बघत उभी राहिली.

"त्याले हे काऊन नाही देल्ली जी?"

तेव्हा आली नव्हती, असं मी तिला सांगितलं. तिनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली. मी पुढच्या माणसाला हात पुढं करायला सांगितलं.