टोपलीतली पानं

जुळे सोलापुरातल्या शेजारच्या काकूंनी काळे ठिपके पडलेलं गुलाबाचं पान माझ्या हातावर ठेवलं, आणि मला तो चाचणीचा वाफा आठवला. गुलाबाच्या नव्या जातीवर रोग पडतो का, हे बघायचं होतं. औषध मारायचं नाही, पान तोडायचं नाही. गुण मी द्यायचे. गुण द्यायच्या सकाळी शरणप्पा माळ्याच्या टोपलीत दवानं ओली, ठिपक्यांची पानं दिसली.

“सायेब, तुमी येनार म्हनून वाफा साफ केलाय की,” तो हौसेनं म्हणाला.

त्याची नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर वर्षभराची चाचणी पुन्हा करायचा मलाच कंटाळा होता. रोग न पडणारी जात म्हणून मी दाखल्यावर सही केली.

“दाखला मिळालेलं झाड आहे हो,” काकू म्हणाल्या. “माझंच काहीतरी चुकत असणार.”

मी मान डोलावली.