टेकडीवरच्या आईची ओटी

माझं दूध आटलं तेव्हा लेक दीड महिन्याची होती. खारीक, शेवग्याचा पाला, वैदूचं औषध, सगळं करून झालं. शेळीचं दूध तिला पचेना. तिला रडायचंही बळ उरलं नाही, तेव्हा मी देवघरातल्या देवांशी बोलणंच सोडलं. मी मुळात फटकळ. रागावले की माणूस असो की देव, तोंड फिरवून बसते. अशात भाजी विकताना एका गिऱ्हाइकाकडून कळलं, की जऊळक्यापलीकडच्या टेकडीवर किरिस्तावांची जुनी आई आहे, बायका आजारी लेकरं घेऊन तिथं जातात. "आपलं तिथं काय काम हाये वं?" यांनी कुरकुर केली, पण बैलगाडी जुंपलीच.

आईकडे जायचं तर हात हलवत कसं जायचं? मी खण, नारळ आणि ओंजळभर गहू घेतले. टेकडीच्या माथ्यावर दगडी देऊळ होतं. आत मेणबत्त्या जळत होत्या, आणि लेकरू कडेवर घेतलेली आई उभी होती. तिला पाहून मला भरून आलं. तिच्या पायाशी ओटी भरली आणि पदर पसरून उभी राहिले. आमच्याकडे ओटी भरली की पुजारी त्यातलं मूठभर धान्य आपल्या पदरात परत टाकतो. ते घेतल्याशिवाय कुणी माघारी फिरत नाही. इथं पुजारीच दिसेना. मी आपली खुळ्यासारखी उभी.

मागे गुडघे टेकून बसलेली एक बाई उठून आली. "कायची वाट पाहून राह्यली वं बाई?"

मी सांगितलं. ती हसली नाही. आईला हात जोडून तिनं त्यातले गहू उचलले आणि माझ्या पदरात टाकले. तेवढ्यात लेक कण्हली.

"हे पेत नाही काय?"

"मले दूधच नाही वं माय."

तिनं हात पुढे केले. मी दाराबाहेर बसलेल्या यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घातली, पण नको म्हणाले नाहीत. त्या बाईनं लेकीला पदराखाली घेतलं. लेक घटाघटा प्यायली आणि मी हमसून हमसून रडले.

ती रेल्वेतल्या गँगमनची बायको होती. लेक वरच्या खाण्याला लागेपर्यंत मी जऊळक्याला तिच्या शेजारीच खोपटात राहिले. भाऊबंदांनी नाकं मुरडली. मुरडू देत! त्यांच्याकडे का दूध होतं?

एकदा मी तिला विचारलं, "त्या दिवशी तुमी काय मागाले आल्त्या?"

लेकीला पाजता पाजताच ती म्हणाली, "माहं लेकरू नुकतंच गेलं होतं. पान्हा काई थांबे ना. थांबव म्हनलं, माय."

तिचं मागणं आईनं तेव्हाच ऐकलं असतं, तर माझी लेक आज नसती. तेव्हापासून मी देवाकडे मागते खरी, पण कसं द्यायचं ते सांगत नाही.