भिंगरीबाईंची किल्ली

बिस्किटांच्या कारखान्यात तिला पाठीमागे सगळे भिंगरीबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. नाव काही खोटं नव्हतं. खुर्चीला टेकली की तिचा पाय हलायला लागे, आणि पाय हलायला लागला की ती उठे. तिच्या खोलीच्या दारावर ‘ऑपरेशन्स मॅनेजर’ अशी पाटी होती. ती नवऱ्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली. दुकानांच्या पाट्या रंगवणं हाच त्याचा धंदा. पाटी मोठी देखणी होती, पण त्या दाराआड बाई सापडेल तर शपथ.

ही नेमकं करते काय, हे तिच्या नणंदेला कधीच उमगलं नाही. पीठ मळणारे वेगळे, भट्टीवाले वेगळे, माल विकणारे वेगळे, मग हिचं काम कोणतं? तर या सगळ्यांच्या मधलं. पीठ संपायच्या आत पुढचं पीठ यायला हवं, भट्टीतून निघालेला माल पॅकिंगच्या तोंडाशी तुंबता कामा नये, ट्रक दारात ताटकळता कामा नये. सगळं सुरळीत असलं की तिची आठवणही कुणाला येत नसे. कुठे अडलं रे अडलं, की पहिली बोंब तिच्याच नावाने.

तिचा हट्ट एकच. कुठलंही काम एका माणसावाचून अडायचं नाही. प्रत्येकाच्या जागी उभा राहील असा बदली माणूस तिने तयार करून ठेवला होता, आणि हे तिने इतकं घोकून घेतलं होतं की डब्याच्या सुट्टीत लोक तिची नक्कल करत. अपवाद फक्त सुट्या भागांच्या कपाटाचा. मागे कुणीतरी न विचारता यंत्राचे पट्टे काढून नेले, तेव्हापासून त्याची किल्ली हिच्या पर्समध्ये. दुसरी करून घ्यायची राहून गेली होती. निदान ती तसं सांगे.

नवऱ्याचा एक डोळा कधीच निकामी झाला होता. उरलेल्याचं आज ऑपरेशन. तोही गेला तर ब्रश कायमचा खाली ठेवायचा. तो घाबरला होता, पण दाखवत नव्हता. आत नेताना एवढंच म्हणाला, “मला बाहेर आणतील ना, तेव्हा तू तिथे अस. बाकी काही नको.”

“असणार म्हणजे काय! त्यासाठीच तर रजा टाकलीय.”

दार बंद झालं. ती नणंदेशेजारी बाकावर बसली आणि पाय हलायला लागला. रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला, तर बोटांना किल्ली लागली. पॅकिंगच्या यंत्राचा पट्टा काल करकरत होता. तो आज तुटला तर? माल तुंबणार, भट्टी विझवावी लागणार, सगळा दिवस वाया. तिने मुकादमाला फोन लावला. त्याने उचलला नाही. परत लावला, परत तेच. आणि तिकडून कुणाचा फोन येत नव्हता, ते तर तिला जास्तच खात होतं. ती उठली, बसली, खिडकीशी जाऊन आली.

“अगं, बस ना जरा,” नणंद म्हणाली. “मला गरगरायला लागलं.”

“ताई, कारखाना जवळच आहे. किल्ली टाकते आणि आलेच.”

“त्याने एकच गोष्ट मागितली तुझ्याकडे.”

“आलेच म्हटलं ना!” ती जिन्यापर्यंत पोचलीसुद्धा होती.

रिक्षात तिने सगळा गोंधळ मनातल्या मनात निस्तरून टाकला. पण कारखान्यात पाऊल ठेवलं तर गोंधळ कुठेच नव्हता. भट्टी धडधडत होती, पुडे सरकत होते. कपाटाची दोन्ही दारं मात्र जोडीनेच भिंतीला टेकवून ठेवलेली होती, आणि त्यांना कुलूप तसंच लटकत होतं.

मुकादम हात पुसत पुढे आला. “बाई, तुम्ही? आज साहेबांचं ऑपरेशन होतं ना?”

“पट्टा तुटला?”

“तुटला की. बसवलाही. किल्ली नव्हती, मग बिजागऱ्या काढल्या आणि दारंच उतरवली.”

“मला फोन करता येत नव्हता?”

“आजच्या दिवशी तुम्हाला कशाला त्रास? आणि तुम्हीच सांगता ना बाई, एका माणसावाचून काम अडायचं नाही.”

तो मनापासून बोलत होता. शाबासकीच्या अपेक्षेने तिच्याकडे बघत होता. ती तिला देता आली नाही. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटली. किल्ली काही चुकून राहिली नव्हती. सकाळी पर्स भरताना ती हातात आली होती. क्षणभर धरून तिने ती परत आत टाकली होती. आज कुणीतरी आपल्याला हाक मारावी, एवढीच तिची इच्छा होती.

“हिची दुसरी करून घ्या,” म्हणत तिने ती मुकादमाच्या हातात कोंबली आणि पळतच बाहेर पडली.

दवाखान्यातला बाक रिकामा होता. आतल्या खोलीत नवरा डोळ्यावर पट्टी बांधून पडला होता. शेजारी स्टुलावर नणंद, त्याचा हात हातात घेऊन.

“नीट झालं म्हणाले डॉक्टर,” नणंद भिंतीकडे बघत म्हणाली.

तिच्या पावलांच्या आवाजाकडे त्याने मान वळवली. “आलीस? कारखाना चाललाय ना?”

“चाललाय.”

“अडलं नव्हतं ना काही?”

“नाही.”

“इथेही नाही अडलं. ताईने हात धरला. चाललं.”

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते तिच्या जिव्हारी लागलं. माणसावाचून अडू नये म्हणून तिने जन्म घालवला होता, आणि आता तिला रडू आवरेना. नणंदेने तिच्याकडे एकदा पाहिलं, त्याचा हात सोडला आणि स्टूल रिकामं केलं.

ती बसली. त्याचा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला.

“बसलीस?” त्याने विचारलं.

“बसले.”

“मग पाय थांबव. पलंग हलतोय.”