जीपच्या पाठीवरची सायकल

अख्ख्या वऱ्हाडात स्वतःच्या गाडीवर सर्वांत कमी भरवसा असलेला गाडीमालक कोण, असं मला कुणी विचारलं तर मी सरळ आमच्या साडभाऊंकडे बोट दाखवीन, आणि मग पाच मिनिटं त्यांना मनसोक्त शिव्या देईन. साडभाऊ म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको निदान पाहून-सवरून करता येते. साडू मात्र न विचारता गळ्यात पडतो, आणि माझ्या गळ्यात पडलेला साडू जीपसकट आला. फौजेत बारा वर्षं ड्रायव्हरकी करून ते अमरावतीला परतले, तेव्हा लष्कराने मोडीत काढलेल्या दोन जीपा त्यांनी लिलावात घेतल्या आणि एकीचं इंजिन दुसरीच्या सांगाड्यात बसवून तिसरीच जीप उभी केली. ती ते भाड्याने चालवत. नवरदेव, आजारी माणसं, दौऱ्यावरचे साहेब, जो मिळेल त्याला घेऊन जीप निघायची, आणि तिच्यावर कुठेतरी एक सायकल बांधलेली असायची. कारण साडभाऊंचं म्हणणं असं, की गाडी दगा देणारच. दगा दिला की मेकॅनिककडे कुणीतरी जायला हवं, आणि जायचं तर सायकल हवी.

"मग सायकलच चालवा ना!" असं मी एकदा भडकून म्हणालो.

"सायकलवर आठ मानसं बसतीन काय, मास्तर?" ते शांतपणे म्हणाले. "इचार करून बोलत जा."

मी अकोल्याला शाळामास्तर, जठारपेठेत दोन खोल्यांत राहायचो. साडभाऊ दर पंधरा दिवसांनी भाडं घेऊन अकोल्यात येत, आणि त्यांना लागणारी सायकल ही माझी सायकल असे. स्वतःची त्यांनी कधी घेतली नाही. "दोन घरांत दोन सायकली कायले पायजेत? आपन का परके हाओत?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बायकोसमोर देण्यासारखं नव्हतं.

सायकल जीपवर कुठे बांधावी याचा शोध त्यांनी तीन वर्षं घेतला, आणि त्या प्रत्येक प्रयोगात माझ्या सायकलीचे हाल झाले. पहिल्यांदा त्यांनी ती वरच्या ताडपत्रीवर आडवी टाकली. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका खड्ड्यात जीप आपटली आणि सायकलीचं पायडल ताडपत्री फाडून खाली बसलेल्या नवरदेवाच्या फेट्यात रुतलं. नवरदेवाचा मामा खवळला. साडभाऊ त्याच्यावर दुप्पट खवळले, "फेटा एवढा उंच बांधाले कोनं सांगतलं व्हतं?" दुसऱ्यांदा सायकल बॉनेटवर आली. आता साडभाऊंना रस्ता चाकाच्या आऱ्यांमधून दिसे, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पण इंजिनाच्या आचेने पुढची ट्यूब भर बाजारात अशी फुटली, की मागे बसलेले दौऱ्यावरचे साहेब सीटखाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. तिसऱ्यांदा ती बाजूला टांगली. कापसाने भरलेल्या एका बैलगाडीला घासून जीप पुढे गेली, आणि माझी सायकल दोन्ही चाकांत कापूस भरून घरी परतली. माझ्या बायकोने तो पिंजून उशीत भरला. या सगळ्या खेळात माझ्या पदरात पडली ती एक उशी.

मग साडभाऊ आमच्या अकोल्यातल्या एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री मुसलमान, वयस्कर, कामाचा पक्का आणि बोलायला फटकळ. जीपच्या मागे स्टेपनीच्या जागी लोखंडी पट्ट्यांची एक घोडी बनवायची, तिला वर दोन आकडे, आकड्यांत सायकलीची दांडी अडकवायची, असा साडभाऊंचा बेत होता. "और स्टेपनी कहाँ जाएगी?" मिस्त्रींनी विचारलं. "अंदर. लोगां के पाव के नीचे." "और लोगां के पाव?" साडभाऊंनी याचा विचार केलेला नव्हता, आणि पुढेही केला नाही. त्या घोडीने गाडीचा नंबर झाकला, पोलिसाने अडवलं, तर साडभाऊंनी त्यालाच झापलं, की पुढचा नंबर दिसतो तो वाचायला काय होतं.

घोडी झाली तरी बांधणं उरलंच. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, सुतळी आणि एक जाड दोर, एवढा सरंजाम त्याला लागे. "आदी मुंडकं बांधा, मंग धड, मंग पाय!" म्हणजे आधी हँडल, मग दांडी, मग चाकं. क्रम चुकला तर ते सगळं सोडायला लावत आणि पहिल्यापासून बांधायला लावत. शाळेत पन्नास पोरांना दटावणारा मी, भररस्त्यात दोराचं टोक दातात धरून उभा राही आणि हा माणूस मला म्हणे, "मास्तर, तुमाले एक गाठ येत नाई, पोरांले काय शिकवत असान?"

आणि बार्शीटाकळीचा प्रसंग तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. फाल्गुनातली भर दुपार, अकोल्याच्या वाटेवर जीप बंद पडली. सायकल काढली आणि बसवलं कुणाला, तर मला. मी निम्मी वाट तुडवली असेल-नसेल, तोच मागून ओळखीचा खडखडाट आला. जीप सुरू झाली होती. मी सायकलवरून उतरून हात हलवू लागलो, आणि जीप धुरळा उडवत माझ्या बाजूने पुढे निघून गेली. आतल्या माणसांनी मला हातही केला! मी घामाने निथळत घरी पोचलो तर साडभाऊ माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून, माझा चहा पीत होते.

"थांबले का नाही?" मी ओरडलो.

"चालू गाडी थांबवली तं पुन्हा चालू झाली असती काय?" ते म्हणाले. "आन् बसा आता. चेहरा लाल होऊन राह्यला तुमचा."

त्याच संध्याकाळी मी सायकल पुसायला घेतली आणि मला दिसलं, की दांडीवरचा काळा रंग आकड्यांनी खरवडून निघाला आहे आणि हँडल एका अंगाला वाकलं आहे. मग मात्र माझा तोल गेला. तोंडाला येईल ते मी बोललो. पुन्हा या सायकलीला हात लावलात तर या घराची पायरी चढायची नाही, असंही म्हणालो. बायको मध्ये पडली, "सायकलीपायी मानूस तोडता काय?" पण ती नुसती सायकल नव्हती, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

ती माझ्या बाबांची सायकल होती. आमचं गाव चांदूर रेल्वेपासून चार-पाच मैलांवर. बाबा तिथून चांदूरच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जात. जिनातला एक कारकून बदली होऊन गेला, तेव्हा त्याची जुनी सायकल बाबांनी घेतली. आमच्या वस्तीतली ती पहिली सायकल. गावातून बाहेर पडायची वाट मोठ्या घरांच्या आळीतून जायची, आणि त्या आळीतून आमच्या माणसाने सायकलवर बसून जायचं नाही, असा दंडक होता. उतरायचं, सायकल हातात धरून ढकलत न्यायची, आळी संपली की बसायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. बाबा वर्षानुवर्षं रोज दोनदा उतरले. छप्पन साली घरातले देव गेले आणि बुद्धाची तसबीर आली, पण बाबांचे पाय त्या आळीत आपोआप खाली यायचे ते यायचेच. पुढे मला नोकरी लागली, मी त्यांना अकोल्याला आणलं, आणि मग त्यांचे गुडघे गेले. कधी कधी खाटेवर पडल्या पडल्या ते म्हणत, "एकडाव बसून जायाचं राह्यलं रे." मी ऐकत असे आणि विषय बदलत असे. मास्तर होतो ना, मला विषय बदलता येत होते.

भांडणानंतर साडभाऊ दोन महिने आले नाहीत. मग एका रविवारी उजाडताच दारात जीप खडखडली. घोडीच्या आकड्यांना फौजेतली जाड कांबळ गुंडाळून शिवून टाकलेली होती. माझ्याकडे ढुंकूनही न बघता ते बाबांच्या खाटेशी गेले.

"बाबा, चाला. गावाकडं जाऊन येऊ."

"सायकल?" बाबांनी विचारलं.

"थे तं आदी."

मला कुणी काही विचारलं नाही. मीही अबोल्यात होतो, त्यामुळे विचारता आलं नाही. दोर मात्र मलाच धरायला लावला, मुंडकं, धड, पाय, त्याच क्रमाने. त्या दिवशी बडनेऱ्यापर्यंत जीप एकदाही बंद पडली नाही, आणि साडभाऊ त्यावरही चिडलेले. "आज काऊन बिघडत नाई हे? काई तरी गडबड हाये." चांदूर मागे पडलं, गाव आलं, आणि मोठ्या घरांची आळी सुरू होते तिथे जीप थांबली. झालं, असं मी मनात म्हटलं. पण इंजिन सुरूच होतं. साडभाऊ उतरले, आधी पाय सोडले, मग धड, मग मुंडकं, आणि सायकल जमिनीवर उभी करून म्हणाले, "मास्तर, कॅरियर धरा मागून. सोडू नका. बाबा, बसा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

आम्ही दोघांनी उचलून बाबांना सीटवर बसवलं. त्यांनी पायडलवर पाय ठेवले, मी मागून ढकलू लागलो. मागे जीप, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत. मला वाटत होतं आता कुणीतरी पुढे येईल, आणि मग इतक्या वर्षांचा सगळा राग मी त्याच्या तोंडावर काढीन. काय काय बोलायचं ते मी जुळवूनही ठेवलं होतं. पुढे आली एक शेळी. एका अंगणात एक बाई मिरच्या वाळत घालत होती, तिने एकदा बघितलं आणि पुन्हा मिरच्या पसरू लागली. एवढंच. माझा राग घ्यायलासुद्धा तिथे कुणी नव्हतं. आणि मग मला दिसलं, की बाबांनी उजवा तळहात घंटीवर दाबून धरला आहे. ढकलत नेताना खड्ड्यात सायकल उसळली तरी घंटीचा आवाज होऊ नये, म्हणून ते तसं धरत असत. हे मला साडभाऊंकडून नंतर कळलं, बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. साडभाऊंना सांगितलं होतं, कारण मागून जीपमधून त्यांनी बोंब ठोकली ती नेमकी त्याचीच.

"बाबा! घंटीवरचा हात काढा!"

बाबांनी हात काढला. मग वाजवली. मग आळी संपेपर्यंत वाजवतच राहिले. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता, डोळ्यांनी अधू. "कोन व्हय?" त्याने विचारलं. बाबांनी एक पाय जमिनीला टेकवला, पण खाली उतरले नाहीत. सीटवर बसूनच त्यांनी आपलं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. म्हाताऱ्याने मान हलवली. ओळखलं की नाही, कोण जाणे. जीपशी परत आलो तेव्हा साडभाऊ दोर झटकत होते आणि त्यांचे डोळे माझ्यासारखेच झाले होते. "धुरळा लय हाये या गावात," ते म्हणाले, आणि मग मला खेकसले, "उभे काय राह्यले? मुंडकं धरा!"

त्या थंडीत बाबा गेले. साडभाऊंवर मी त्यानंतरही चिडत राहिलो, त्यांनी मला तसं कारण कधी कमी पडू दिलं नाही. पुढे जीप भंगारात गेली. वाकलेलं हँडल सरळ करून देतो असं मिस्त्री अनेकदा म्हणाले, मी करू दिलं नाही.

परवा अमरावतीहून तार आली, साडभाऊ गेले. मी बायकोला घेऊन एसटी स्टँडवर गेलो, आणि सायकलही नेली. बसच्या टपावर हमालाने ती सुतळीने कशीतरी बांधायला घेतली, तसा मी खालून ओरडलो, "अरे, आधी मुंडकं बांध! मग धड, मग पाय!" सगळा स्टँड माझ्याकडे बघू लागला. कंडक्टर ओळखीचा, हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, मयतीले सायकल काऊन नेऊन राह्यले?"

"गाडीचा काय भरवसा?" मी म्हणालो. आणि अमरावती येईपर्यंत बस कुठेही बंद पडली नाही, म्हणून मला तिचा फार राग आला.